एसटीपी करून पेशंटला काय मिळतं? (एमएससी नर्सिंग डिझर्टेशनच्या प्रश्नाला उत्तर)

तुझा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. एमएससी नर्सिंगच्या डिझर्टेशनला (प्रबंधाला) गाईड मॅडमनी विषय सुचवलाय, आयसीयूतल्या स्टाफ नर्सेससाठी सेंट्रल लाईनच्या, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या, केअरवर एसटीपी, म्हणजे आपला नेहमीचा स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम, शिकवण्याआधी प्री-टेस्ट आणि नंतर पोस्ट-टेस्ट. आणि घरी तुझे डॉक्टर काका म्हणाले की शिकवण्यावरचा रिसर्च म्हणजे नुसते कागद रंगवणं, त्याने एक तरी पेशंट वाचतो का? आणि आता तुला स्वतःलाही तोच प्रश्न पडलाय.

वाचतो गं. पण ते पोस्ट-टेस्टच्या मार्कांत दिसत नाही, त्यासाठी बेडशेजारी जाऊन उभं राहावं लागतं.

मी नऊ वर्षं आयसीयूत काढली, नंतर चौदा वर्षं शिकवतेय, आणि माझं डिझर्टेशन जवळजवळ तुझंच होतं. पाऊण तासाचं लेक्चर, फ्लिप चार्ट, एक डेमो, सात दिवसांनी पोस्ट-टेस्ट. मार्क छान वाढले, पेअर्ड टी-टेस्ट (आधीच्या आणि नंतरच्या मार्कांची आकडेवारीतली तुलना) सिग्निफिकंट आली, व्हायव्हाला कुणी फार विचारलं नाही, बाइंडिंग करून कॉपी लायब्ररीत गेली. कोर्स संपवून त्याच आयसीयूत परत रुजू झाले आणि महिन्याभरात एका नाईटला बघितलं, माझ्याच पोस्ट-टेस्टमध्ये जवळजवळ पैकीच्या पैकी मार्क मिळवलेली मुलगी लाईनचा हब, म्हणजे औषध जोडायचं बाहेरचं तोंड, स्पिरिटच्या स्वॅबने न पुसता अँटिबायोटिक जोडत होती. मी विचारलं तर म्हणाली, मॅडम स्वॅब संपलेत, बाकीचे कपाटात आहेत, किल्ली इन्चार्ज सिस्टरांकडे आणि सिस्टर सकाळी येतात. तिच्याकडे त्या रात्री व्हेंटिलेटरवरचे दोन पेशंट होते. तिचं काय चुकलं सांग मला. हब पुसायचा हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. चुकलं माझं, कारण माझ्या पूर्ण प्रश्नावलीत स्वॅब कुठे ठेवलेत हा प्रश्नच नव्हता. ते मला अजून लागतं.

आता काकांसाठी. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीतलं काम त्यांना दाखव. तिथे बार्सुक, वेन, मॅकगॅही या मंडळींनी जवळजवळ तुझाच विषय घेतला, फक्त नर्सेसऐवजी रेसिडेंट, म्हणजे पुढचं शिक्षण घेत काम करणारे डॉक्टर, आणि लाईनच्या केअरऐवजी लाईन टाकणं. सेंट्रल लाईन कशी टाकायची हे आपल्याकडे असतं तसं तिथेही एक बघा, एक करा असंच शिकवलं जायचं. यांनी काय केलं, सिम्युलेटरवर अल्ट्रासाऊंड घेऊन सराव, २७ मुद्द्यांची चेकलिस्ट, आणि ठरवलेली पातळी गाठेपर्यंत परत परत सराव, कुणाला कमी वेळ लागेल कुणाला जास्त, पण पातळीच्या खाली राहून कुणी पुढे जायचं नाही. याला ते मास्टरी लर्निंग म्हणतात. आपल्या परीक्षेत वेळ सगळ्यांना सारखा आणि मार्क वेगवेगळे, इथे बरोबर उलटं. आणि मग ते पोस्ट-टेस्टवर थांबले नाहीत, थेट आयसीयूतले ब्लडस्ट्रीम इन्फेक्शन, म्हणजे लाईनमुळे रक्तात होणारे संसर्ग, मोजले. २००९ साली छापलेला आकडा असा आहे की असे शिकलेले रेसिडेंट आल्यावर त्या मेडिकल आयसीयूत इन्फेक्शनचं प्रमाण दर हजार कॅथेटर-डेजला (एका पेशंटला एक दिवस लाईन म्हणजे एक कॅथेटर-डे किंवा लाईन-डे) ३.२० वरून ०.५० वर आलं, आणि त्याच हॉस्पिटलच्या दुसऱ्या आयसीयूत, जिथे हे ट्रेनिंग नव्हतं, तिथे ५.०३ होतं. पुढच्या वर्षी त्यांनी खर्चाचाही हिशोब मांडला, ट्रेनिंगला वर्षाला साधारण १ लाख १२ हजार डॉलर लागले आणि इन्फेक्शन टळल्यामुळे निव्वळ ७ लाख डॉलरच्या वर वाचले. आपल्याकडचे मॅनेजमेंटवाले ट्रेनिंगला पैसे नाहीत म्हणतात तेव्हा मला दर वेळी हाच हिशोब आठवतो.

याच ग्रुपचा २०१२ चा लंबर पंक्चरवरचा (पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढणं) पेपर तर मला त्याहून आवडतो. मेडिसिनचे अगदी पहिल्या वर्षाचे रेसिडेंट सिम्युलेटरवर शिकवले, त्यांचा स्कोअर सरासरी ४६ टक्क्यांवरून ९५ च्या पुढे गेला. आणि तुलनेला न्यूरोलॉजीचे सीनियर रेसिडेंट, ज्यांनी खऱ्या पेशंटवर लंबर पंक्चर केलेली होती, त्यांची सरासरी ६५, आणि ठरवलेली पातळी गाठली फक्त ६ टक्के जणांनी. म्हणजे वर्षं भरली की हात आपोआप तयार होतो हे आपण धरून चाललोय ते बरोबर नाही, नर्सिंगमध्ये तर "वीस वर्षं झाली मला" या वाक्यावर किती चुकीच्या गोष्टी वॉर्डात चालू राहतात ते तूही बघितलं असशील.

पण नुसतं ट्रेनिंगच सगळं करतं असंही समजू नको. जॉन्स हॉपकिन्सच्या पीटर प्रोनोव्होस्टनी मिशिगन राज्यातल्या १०० च्या वर आयसीयूंमध्ये जे काम केलं (२००६ साली छापून आलं) त्यात शिकवणं होतंच, पण त्यासोबत लाईन टाकायला लागणारं सगळं सामान एकाच ट्रॉलीत ठेवलं, आणि डॉक्टर स्टेप चुकवतोय असं दिसलं तर इमर्जन्सी नसताना प्रोसीजर थांबवायचा अधिकार नर्सला दिला. इन्फेक्शनचा सरासरी दर हजारी ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आला. माझ्या त्या रात्रीच्या कपाटाचं उत्तर या ट्रॉलीत होतं, आणि मी त्या पेपरबद्दल डिझर्टेशनच्या रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये स्वतः लिहिलं होतं, तरी ट्रॉलीवर नजर गेली नाही, फक्त आकडा उचलला.

आणि उलटं उदाहरणही सांगते, नाहीतर काका म्हणतील सोयीचं तेवढं सांगितलं. उत्तर प्रदेशात बेटरबर्थ नावाची मोठी ट्रायल झाली, २०१७ ला छापली, १२० आरोग्य केंद्रं, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं. डब्ल्यूएचओच्या सेफ चाइल्डबर्थ चेकलिस्टसाठी नर्सेसनीच जाऊन बाळंतपण करणाऱ्या स्टाफला कोचिंग केलं, नुसतं लेक्चर नाही, शेजारी उभं राहून. कामात फरक पडला, दोन महिन्यांनी आवश्यक गोष्टी करायचं प्रमाण कोचिंगच्या केंद्रांत ७२.८ टक्के आणि बाकीच्या केंद्रांत ४१.७. पण आई आणि बाळाचे मृत्यू आणि आईचे गंभीर त्रास मिळून बघितले तर १५.१ टक्के आणि १५.३ टक्के, म्हणजे फरकच नाही. मी हे वाचून दोन दिवस अस्वस्थ होते. माझं मत असं की हात धुणं, बीपी घेणं, बाळ आईच्या अंगाला लावणं या सवयी लागल्या तरी न रडणाऱ्या बाळाला अंबू बॅगने (हाताने दाबून श्वास देायची पिशवी) श्वास द्यायचा सराव, रक्त, वेळेत रेफरल हे जागेवर नसेल तर शेवटचा आकडा हलत नाही. पण हे कळलं कशामुळे? शेवटपर्यंत मोजलं म्हणून. ७२ टक्क्यांवर थांबले असते तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

शिकवण्याचा परिणाम कुठपर्यंत मोजला, त्या पायऱ्यांना कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्या म्हणतात: शिकणाऱ्याला आवडलं का, कळलं का, तो काम तसं करतो का, आणि त्याने शेवटी काय बदललं. आपली बहुतेक डिझर्टेशन दुसऱ्या पातळीवर संपतात. माहीत असणं आणि करणं यात किती अंतर असतं त्याचं मुंबईचं उदाहरण आहे. २०१४-१५ मध्ये मुंबई आणि पाटण्यात प्रशिक्षित लोक टीबीचे पेशंट बनून खासगी डॉक्टरांकडे गेले (मॅकगिल युनिव्हर्सिटीचे मधुकर पै वगैरे होते त्या टीममध्ये), डॉक्टरला कळत नव्हतं हा नकली पेशंट आहे, आणि योग्य पद्धतीने केस हाताळली गेली ती फक्त ३५ टक्के भेटींत. त्याच डॉक्टरांना टीबीचं लक्षण काय म्हणून पेपर दिला असता तर दोन आठवड्यांचा खोकला कुणी चुकवला नसता असं मला वाटतं.

काकांना नर्सिंगचं शिक्षण म्हणजे काय मोठं असं वाटत असेल तर पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या लिंडा एकन यांचं काम सांग, युरोपातल्या ९ देशांतली ३०० हॉस्पिटलं, ४ लाखाहून जास्त सर्जरीचे पेशंट. डिग्रीवाल्या नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त तिथे ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी, आणि एका नर्समागे एक पेशंट वाढला की ७ टक्क्यांनी जास्त. हा संबंध आहे, कारण म्हणून सिद्ध नाही, काका हे पकडतील तेव्हा आधीच मान्य कर.

आता तू काय करायचं. गाईड मॅडमशी भांडू नको, विषय तोच ठेव, टायटलमध्ये "ज्ञान"च्या पुढे "आणि प्रॅक्टिस" एवढं घालून घे आणि एक ऑब्झर्व्हेशन चेकलिस्ट जोड, याला सहसा कुणी हरकत घेत नाही. इन्फेक्शनचा दर हा मुख्य आउटकम मात्र घेऊ नको. हिशोब कर, समजा तुझं आयसीयू १० बेडचं, रोज सरासरी ६ जणांना लाईन, म्हणजे महिन्याचे १८० लाईन-डेज, सहा महिन्यांत १,०८०, आणि दर हजारी ५ धरला तरी सगळ्या मिळून केसेस पाच. पाचाच्या तीन झाल्या तर तो तुझ्या शिकवण्याचा परिणाम की योगायोग हे देवही सांगू शकणार नाही. आकडा लिहून ठेव, पण निष्कर्ष त्यावर काढू नको. मोज काय तर हब घासला का, किती सेकंद, कोरडा होऊ दिला का, ड्रेसिंगवर तारीख आहे का, कडा सुटल्यात का, पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवसांच्या आत आणि गॉजचं २ दिवसांच्या आत बदललं का, लाईनची गरज अजून आहे का हे राउंडला कुणी विचारलं का.

तू वही घेऊन उभी राहिलीस की पहिले काही दिवस सगळ्याजणी छान वागणार, त्यामुळे पहिल्या आठवड्याचा डेटा धरू नको, आणि तिन्ही शिफ्ट घे, नाईट सोडलीस तर अर्धं सत्य सुटलं. दुसरी एक ऑब्झर्व्हर घे आणि काही निरीक्षणं दोघींनी एकाच वेळी, न बोलता, वेगळी भर, म्हणजे कप्पा (दोघींची निरीक्षणं किती जुळतात त्याचा आकडा) काढता येईल. शिवाय स्टोअरच्या इंडेंट रजिस्टरमधून (सामानाच्या मागणीची वही) स्वॅब किती गेले ते लाईन-डेजशी लावून बघ, तू समोर नसतानाही ते रजिस्टर बोलतं.

एथिक्स कमिटीच्या अर्जात दोन गोष्टी स्पष्ट लिही. एक, स्टाफची नावं चेकलिस्टवर नसतील आणि इन्चार्जना मिळणार नाहीत, हे इन्चार्जना आधीच तोंडावर सांग, कारण एकदा का कुणाला मेमो मिळाला की तुझा अभ्यास संपला आणि त्या मुलींचा विश्वासही गेला. दोन, निरीक्षण करताना पेशंटला खरंच धोका दिसला तर तू चेकलिस्ट बाजूला ठेवून थांबवणार.

शिकवणं लेक्चरने नको, सरावाने कर, महागडा मॅनिकिन लागत नाही, जुन्या ट्रेनिंग आर्मला (सरावाच्या नकली हाताला) लाईन चिकटव, थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लाव, आणि प्रत्येकीने सगळ्या स्टेप्स बरोबर करेपर्यंत सराव, कुणाला किती वेळा लागला ते लिही, तो डेटा सोन्यासारखा आहे.

सिनॉप्सिसच्या (अभ्यासाचा आराखडा) आधी एक रात्र आयसीयूत नुसती बस, दोन ते पाच, काही मोजू नको, स्टाफशी गप्पा मार, कशामुळे अडतं ते त्याच सांगतील. मग ऑब्झर्व्हेशन शीट बनव आणि इथेच टाक, मी रकाने बघून देते. सामान हाताशी होतं का, कुलपात होतं तर किल्ली कुणाकडे, याचा एक रकाना मात्र ठेवच.