विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन 140 आलं, म्हणजे मला क्रोहनचा आजार आहे का?

एवढ्यावरून नाही. वाढलेलं कॅलप्रोटेक्टिन आतड्यात दाह असू शकतो इतकंच सांगतं. तो क्रोहनचा (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाहाचा आजार), जंतुसंसर्गाचा की वेदनाशामक गोळ्यांचा, हे त्यातून कळत नाही. कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमधलं प्रथिन. दाह असला की या पेशी आतड्याच्या अस्तरातून पोकळीत उतरतात, आणि विष्ठेतलं प्रथिन एलायझा चाचणीत अँटिबॉडीने पकडून मोजतात. चाचणीचा खरा उपयोग उलट बाजूने होतो: प्रौढांमध्ये आकडा ग्रॅमला 50 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर दाहाच्या आजाराची शक्यता फार कमी, आणि कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी) बहुधा टळते. 50 ते 250 हा संदिग्ध पट्टा; तुम्ही त्यातच आहात. अशा वेळी सहसा काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असं वेदनाशामक चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आकडा त्यानेही चढतो. दुसरी चाचणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, कारण वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत (रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना करणारे इथेच चुकतात). मात्र शौचातून रक्त, घटणारं वजन किंवा ताप असेल तर पुन्हा चाचणीची वाट न पाहता पोटविकारतज्ज्ञांना दाखवा.