आईबाबांसोबत टायोगा पास ते डेथ व्हॅली: जमेल, पण एक मुक्काम वाढवा

जूनअखेर सत्तरीच्या आईबाबांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून टायोगा पास या डोंगरघाटातून डेथ व्हॅली या वाळवंटी नॅशनल पार्कला, तिथे एक रात्र आणि मग वेगस, असा तुमचा बेत आहे. गाडी भाड्याची मिनीव्हॅन. ऊन झेपेल का, एवढंच तुम्ही विचारलंय. मी हा रस्ता तीनदा केलाय, त्यातला एकदा आईबाबांबरोबर. माझं मत असं, की उन्हापेक्षा चढ-उताराची काळजी करा.

टायोगा पास 3031 मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाई. डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर हे मिठाचं मैदान समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली. एवढा फरक एका दिवसात ना म्हाताऱ्या माणसांना मानवत, ना गाडीला. म्हणून पहिली रात्र वाटेतल्या लोन पाइन गावात काढा. वाटेत मोनो लेक बघून होईल आणि सकाळी मोटेलच्या दारातून माउंट व्हिटनी शिखर दिसेल. घाटमाथ्यावर आईला धाप लागली तर घाबरू नका, पण तिथे फार भटकूही नका. आणि हो, टायोगा उघडलाय का ते निघायच्या आदल्या दिवशी बघा. 2023 मध्ये बर्फामुळे तो थेट 22 जुलैला उघडला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघा. नातेवाईक कुरकुरतील, कुरकुरू देत. सहाच्या सुमारास डेथ व्हॅलीतलं फर्नेस क्रीक, तिथून बॅडवॉटर, आणि नऊपर्यंत पुन्हा उंचावर. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खालच्या भागात पायी फिरू नका, असं पार्कवालेच सांगतात. 10 जुलै 1913 ला फर्नेस क्रीकला 56.7 अंश नोंदले गेले. त्या आकड्यावर काही हवामानतज्ज्ञ शंका घेतात, पण अधिकृत जागतिक उच्चांक आजही तोच आहे.

आता मुख्य गोष्ट. लोन पाइनहून जाताना पॅनामिंट व्हॅली ओलांडली की टाउन पासचा चढ लागतो. 'एसी बंद करा' अशा पाट्या दिसतील, त्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद, खिडक्या उघड्या. माथा सुमारे 1500 मीटरवर आहे आणि तिथून उतार थेट समुद्रसपाटीपर्यंत. पहिल्या वेळी मी ऑटोमॅटिक गाडी नेहमीच्या 'डी'मध्येच ठेवून ब्रेकवर पाय दाबत उतरलो. अर्ध्या वाटेत जळका वास! बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो. मागून बाबा शांतपणे म्हणाले, "एसटीचा ड्रायव्हर गिअर पाडून उतरतो, तुला कोणी शिकवलं नाही का?" तेव्हा उतारासाठीचा खालचा गिअर, म्हणजे 'एल' किंवा 'बी', कुठे आहे ते घरीच बघून ठेवा आणि ब्रेक अधूनमधून दाबून सोडा.

पेट्रोलची टाकी लोन पाइनला भरा. पार्कच्या आत पंप आहेत, पण महाग. पुढे फोनला रेंज जवळपास नाहीच, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्या आणि त्याने कच्चा रस्ता सुचवला तर मुळीच ऐकू नका. भाड्याच्या गाडीच्या करारात बहुतेक वेळा कच्च्या रस्त्यांना मनाईच असते. माणशी चार-पाच लिटर पाणी ठेवा, शिवाय लिंबू-मीठ-साखर. आमच्याकडे दशम्या आणि लसणीची चटणी होती. चटणीमुळे पाणी दुप्पट लागलं, एवढं लक्षात ठेवा. बाबांना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. बॅडवॉटरला मिठावर शंभर पावलं पुरे, फोटो तेवढ्यात होतात.

वेगसच्या वाटेवर थोडा वळसा घालून डँटेज व्ह्यू मात्र चुकवू नका. कळसूबाईपेक्षा जेमतेम वीसेक मीटर उंच, गाडी अगदी वरपर्यंत जाते आणि खालच्यापेक्षा हवा बरीच थंड. मघाशी जिथे उभे होतो ते बॅडवॉटर बरोबर पायाखाली, पांढऱ्या डागासारखं दिसतं. आमची आई तिथे पाऊण तास बसली होती. शेवटी पदर डोक्यावर घेत म्हणाली, "एवढ्या वरून बघितलं असतं तर मी खाली गेलेच नसते."