खरेदी विभागात नवीन आहेस, म्हणून सांगतो

साहेब म्हणतील, "बिल नव्वद दिवस थांबव." तेव्हा आधी सप्लायरची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) बघ. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, नसला तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीनं. हे साहेबांना मेलवरच कळव, तोंडी नको.

भोसरीचा एक वर्कशॉपवाला दिवाळीच्या आदल्या दिवशी आमच्या गेटवर चार तास बसून होता, मांडीवर डिलिव्हरी चलनांची पिशवी. पोरांचा बोनस अडला होता. बिल माझ्याच टेबलावर, फक्त सही राहिलेली. अजून टोचतं ते.

दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, त्याच दिवशी कर, तारीख पुढे ढकलू नकोस.