कोडी होम असिस्टंटला जोडताय? आधी हे करा

कोडी म्हणजे टीव्हीवर सिनेमे-मालिका चालवणारं सॉफ्टवेअर, आणि होम असिस्टंट म्हणजे घरातले दिवे वगैरे आपोआप चालवणारं. ऑटोमेशनच्या मागे लागण्याआधी राउटरमध्ये जा आणि कोडीच्या डब्याला कायमचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) देऊन टाका. मी हे टाळलं होतं. एकदा वीज गेली, राउटर परत सुरू झाला, पत्ता बदलला, होम असिस्टंटला कोडी सापडेना आणि रविवारची सकाळ पासवर्ड तपासण्यात गेली.

मग कोडीच्या सेटिंगमध्ये सर्व्हिसेस, त्यात कंट्रोल. तिथे एचटीटीपीवरून रिमोट कंट्रोलला परवानगी द्या, पासवर्ड ठेवा. पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) नेहमीचा 8080. त्याच पानावर इतर सिस्टिमवरच्या अ‍ॅपना परवानगी देणारा पर्याय आहे, तोही चालू करा. 9090 पोर्ट त्यासाठीच लागतो. तुम्ही पॉझ दाबलं की कोडी होम असिस्टंटला लगेच कळवतो ते तिथूनच.

आता खरी गंमत. होम असिस्टंटमध्ये कोडीची स्थिती 'प्लेइंग' (काहीतरी चालू) झाली की दिवे बंद, 'आयडल' (काहीच चालू नाही) झाली की दिवे चालू, असं सरळ लिहू नका. मालिकेचा एक भाग संपून दुसरा सुरू होईपर्यंत काही सेकंद 'आयडल' येतं, आणि तेवढ्यात हॉल लख्ख उजळतो. आमच्याकडे आईने यावरून दोन दिवस ऐकवलं! 'आयडल' सलग 20 सेकंद टिकलं तरच दिवे लागू द्या. 'पॉझ'ला मात्र लगेच 30 टक्के उजेड, पाणी प्यायला उठणारा धडपडत नाही. सूर्यास्तानंतरचीच अट घाला, नाहीतर भरदुपारीही हेच चालेल.

कोडी रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकावर असेल तर वेक-ऑन-लॅनच्या (बंद यंत्र नेटवर्कवरून सुरू करण्याच्या) नादी लागू नका, त्यावर ते चालतच नाही. तो चालूच राहू द्या, फक्त टीव्ही बंद करा.