गुडघा गेला, आता स्कॉलरशिपचं काय?

खेळाच्या स्कॉलरशिपवर मुलं अमेरिकेला पाठवलेले पालक माझ्याकडे सल्ल्याला येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास असतो: मोठी दुखापत झाली तर स्कॉलरशिप जाईल का, आणि दवाखान्याचं बिल कोण भरणार? इंदूरच्याच एका कुटुंबाची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव-तपशील इकडेतिकडे केले आहेत.

घर रामबागेतलं, वडील बँकेत. मुलगी, तिला सई म्हणू, डिव्हिजन वन, म्हणजे अमेरिकी कॉलेज-खेळांतल्या सर्वांत वरच्या श्रेणीच्या एका विद्यापीठाकडून टेनिस खेळणारी, दुसऱ्या वर्षाला. सरावात पाय वळला. जागा जाईल या धास्तीने काही आठवडे ती गुडघ्याला पट्टी बांधून तशीच खेळली. शेवटी एमआरआय झाला आणि एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा मुख्य अस्थिबंध, फाटल्याचं निघालं. म्हणजे ऑपरेशन, आणि नंतर कोर्टापासून नऊ-दहा महिने तरी लांब. आई आली ती वही घेऊनच. ऑपरेशन, फिजिओ, फी, राहणं-खाणं, प्रत्येक डॉलरसमोर रुपये लिहिलेले, आणि खालची बेरीज दोनदा खोडलेली.

“नणंद म्हणते, इकडेच आणा. ओळखीचे डॉक्टर आहेत, निम्म्यात काम होईल.”

निम्म्यात होईलही. पण विद्यापीठाचा विमा परदेशातल्या ऑपरेशनचे पैसे देईलच असं नाही, आधी लेखी विचारावं लागतं. शिवाय एफ-वन या शिक्षणाच्या व्हिसावरचा विद्यार्थी पाच महिन्यांपेक्षा जास्त अमेरिकेबाहेर राहिला तर त्याचा विद्यार्थी-दर्जाच धोक्यात येतो. तिथेच राहून डॉक्टरांच्या पत्रावर विषय कमी करता येतात, मात्र आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी आधी हवी. नणंदबाईंचा हेतू चांगला होता, हिशेब अर्धा होता.

खरी गोष्ट सईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना कळली. “मॅडम, मी कोचना मेल लिहून ठेवलाय. टीम सोडते म्हणून. त्यांनी काढण्यापेक्षा आपणच निघालेलं बरं.”

आपल्याकडे हा स्वाभिमान फार. कोणी बोट दाखवायच्या आत राजीनामा द्यायचा! इथे तो महागात पडला असता. अमेरिकी कॉलेज-खेळांची नियामक संस्था एनसीएए. तिच्या नियमांप्रमाणे 1 ऑगस्ट 2024 पासून डिव्हिजन वनची विद्यापीठं दुखापत झाली किंवा खेळ खालावला म्हणून स्कॉलरशिप कमी किंवा रद्द करू शकत नाहीत. पण खेळाडू स्वतःहून संघ सोडून गेला, तर करू शकतात. म्हणजे ज्या भीतीने ती मेल लिहीत होती, ती भीती त्या मेलनेच खरी केली असती. “ड्राफ्ट उघड आणि डिलीट कर,” एवढंच म्हटलं. तिने माझ्यादेखत केला. मग ती रडली, आणि मी रडू दिलं.

नंतरचं काम कागदांचं. दुखापत सरावात झाली, कोणत्या दिवशी झाली, ही नोंद संघाच्या दुखापती बघणाऱ्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरकडे हवीच. सईने ती लपवल्यामुळे नव्हती. तिने सगळं खरं लिहून दिलं, सोबतच्या मुलींनी दुजोरा दिला. विम्याची गंमत अशी की विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा विमा बहुतेक वेळा दुय्यम असतो: बिल आधी खेळाडूच्या स्वतःच्या विम्याकडे जातं, उरलेलं विभाग बघतो. आणि विद्यार्थ्यांच्या अनेक आरोग्य विम्यांत आंतरमहाविद्यालयीन खेळातली दुखापत वगळलेलीच असते. सईचं तसंच होतं. पहिल्या कंपनीने नकार दिला तेव्हा वडील हादरले. खरं तर ते नकाराचं पत्रच हवं होतं. ते जोडल्यावर क्रीडा विभागाच्या विम्याने बिल घेतलं. 2024 च्या त्याच नियमांत खेळताना झालेल्या दुखापतीचा खर्च, खेळाडूचं कॉलेजमधलं खेळणं संपल्यावरही किमान दोन वर्षं विद्यापीठाने उचलायचा आहे. आईने हे वहीत लिहून घेतलं.

ऑपरेशन तिकडेच झालं. पैशांचं मिटलं, मुलीचं मिटायला वेळ लागला. रोज पाचला उठून कोर्टवर जाणारी मुलगी पाचला उठून छताकडे बघत पडायची. “मी आता इथे कोण म्हणून आहे?” असं तिने विचारलं, त्यावर नियमावलीत काही नाही. आम्ही बोलत राहिलो. तिच्या विद्यापीठातल्या समुपदेशकाकडेही तिला पाठवलं, कारण समोर बसून बोलण्याची सर स्क्रीनला येत नाही.

ही हकिकत ऐकून एक गृहस्थ निश्चिंत होऊन निघाले होते. त्यांना परत बसवलं. त्यांचा मुलगा डिव्हिजन टूमध्ये, हातातलं स्कॉलरशिपचं पत्र एकाच वर्षाचं. तिथे वर्ष चालू असताना दुखापतीवरून पैसे थांबवता येत नाहीत, पण पुढच्या वर्षी नूतनीकरण न करणं हा वेगळा विषय. तसं ठरलं तर 1 जुलैपर्यंत लेखी कळवावं लागतं, आणि विद्यार्थ्याला क्रीडा विभागाबाहेरच्या समितीपुढे सुनावणी मागता येते. डिव्हिजन थ्रीमध्ये तर खेळाची स्कॉलरशिपच नसते. गृहस्थांनी तिथेच मुलाला फोन लावला आणि पत्राचं दुसरं पान मागवलं. पहिलंच पान घरात फ्रेम करून लावलं होतं.