वाचकांचे प्रश्न : मोटारसायकलवरचे सामान

प्रश्न : माझ्याकडे रॉयल एनफिल्डची 411 सीसीची हिमालयन मोटारसायकल आहे. सप्टेंबरमध्ये मनालीहून ग्राम्फू, बातल आणि कुंझुम खिंडीमार्गे स्पितीतल्या काझाला जाण्याचा बेत आहे. ॲल्युमिनियमच्या पेट्या घ्याव्यात की कापडी बॅगा, आणि त्या हलू नयेत म्हणून कशा बसवाव्यात?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पेट्यांना कुलूप लागते, त्यांत पाणी शिरत नाही आणि मुक्कामी बसायला त्यांचा उपयोग होतो, हे सगळे खरे असले तरी ग्राम्फू ते खिंडीपलीकडचे लोसर हा टप्पा तुमच्या वाटेवर असल्यामुळे मी कापडी बॅगांच्या बाजूने आहे. त्या दगडगोट्यांत आणि नाल्यांत पाय वारंवार टेकवावे लागतात. टेकलेला पाय मागे राहून गाडी पुढे सरकली की पेटीची कड थेट पोटरीवर येते. गाडी आडवी झाली तर पेटीची पट्टी वाकते आणि मग ती पुन्हा नीट बसत नाही. कापडी बॅग अशा वेळी दबते आणि फार तर फाटते.

आता बसवण्याविषयी. सामान रस्त्यात पडते ते बहुधा पट्टा तुटल्यामुळे नव्हे, तर आधी थोडेसे हलू लागल्यामुळे. हललेली बॅग घासते, घासलेला पट्टा सैल पडतो आणि सैल पट्टा अधिक हलू देतो. म्हणून सुरुवात सॅडल स्टेपासून, म्हणजे बॅगेला चाकापासून दूर धरणाऱ्या लोखंडी चौकटीपासून करावी. गाडीच्या मूळ बोल्टखाली स्टेची पट्टी आली की तिच्या जाडीइतके आटे कमी पकडले जातात, त्यामुळे तेवढा लांब बोल्ट घ्यावा, जुनाच पुन्हा कसू नये. सर्व बोल्ट आधी हाताने बसवून मग एकेक करून पान्ह्याने आवळावेत, नाहीतर चौकट ताणलेल्या अवस्थेत अडकते आणि खडबडीत रस्त्यावर वेल्डिंगजवळ तडकते. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा नट) किंवा निळे थ्रेडलॉकर (बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव) वापरावे आणि प्रत्येक नटावरून चौकटीपर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे, हे पान्हा न काढताही कळते. ही युक्ती मी उशिरा शिकलो: याच रस्त्यावर माझ्या स्टेचा खालचा बोल्ट कधी गळून पडला ते मला समजलेच नाही, आणि बातलच्या ढाब्यावर मिळालेल्या बाइंडिंग वायरवर काझा गाठावे लागले.

बॅगांचे मधले पट्टे सीटखालून न्यावेत. त्यानंतर प्रत्येक बॅगेला दोन पट्टे हवेत: एक पुढे, मागे बसणाऱ्याच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला, आणि दुसरा मागे, स्टेच्या नळीला. पुढचा पट्टा अनेकजण गाळतात आणि मग प्रत्येक खड्ड्यात बॅग मागे झोके घेते. चिमट्याला, म्हणजे स्विंगआर्मला, काहीही बांधू नये, कारण तो चाकाबरोबर वरखाली होतो. इंडिकेटरला तर नकोच. पट्ट्यांची उरलेली टोके गुंडाळून बांधावीत, कारण लोंबणारे टोक चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेले की पुढचे सांगायला नको. बंजी कॉर्ड, म्हणजे टोकांना हूक असलेली रबरी दोरी, मी फक्त वरच्या जॅकेटपुरती वापरतो. तिचा ताण कधीच स्थिर राहत नाही आणि सुटलेला हूक डोळ्याकडे येतो.

जड वस्तू तळाशी आणि शक्य तितक्या पुढे ठेवाव्यात. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे वजन गेले की चढावर पुढचे चाक हलके पडते. तुमच्या गाडीचा सायलेन्सर उजवीकडे असल्यामुळे पेट्रोलचा कॅन डावीकडेच हवा. पाच लिटर पेट्रोल पावणेचार किलोच्या आसपास भरते. तेवढ्या वजनाची हत्यारे आणि ट्यूब उजवीकडे ठेवल्या की तोल साधतो. दोन्ही बॅगा आकड्याच्या वजनकाट्याला लटकवून पाहाव्यात. वजन लादल्यावर शॉकअपची स्प्रिंग आणि टायरचे प्रेशर पुस्तिकेत डबल सीटसाठी दिल्याप्रमाणे ठेवावे. घरून निघून पन्नास किलोमीटर झाले की थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढावेत, कारण कपडे दबून बसतात आणि पट्टे आपोआप ढिले होतात.

प्रश्न : ताम्हिणी घाटात पावसाळ्यात रेन कव्हर असूनही बॅगेतले कपडे भिजले. कव्हरच खराब निघाले का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बहुधा नाही. कव्हर वरचा आणि बाहेरचा पाऊस अडवते, मात्र मागच्या चाकाने उडवलेले चिखलपाणी बॅगेच्या आतल्या बाजूने, स्टेकडून, चढते आणि कव्हरच्या तळाशी साचते. थोड्या वेळाने बॅग त्यातच बसलेली असते. बाहेरून झाकण्यापेक्षा आतून बांधावे. तोंड तीनदा गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग उत्तम, परंतु खताच्या गोणीतले जाड प्लॅस्टिकचे अस्तर स्वच्छ धुऊन वापरले तरी तेच काम होते. कव्हर वापरायचेच असेल तर ते दोरीने स्टेला बांधावे, कारण वाऱ्याने उडालेले कव्हर चाकात गुंडाळले जाऊ शकते. नायलॉनचा पट्टा भिजला की थोडा ताणतो, त्यामुळे घाट उतरल्यावर तो पुन्हा आवळावा. पॉलिएस्टरचा पट्टा त्या मानाने कमी ताणतो.

प्रश्न : उजवीकडच्या बॅगेचा तळ सायलेन्सरला लागून वितळला. मोकळ्या गाडीवर तर चांगली वीतभर जागा दिसत होती.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जागा मोकळ्या गाडीवर मोजू नये. बॅग पूर्ण भरून आणि मागे माणूस बसवून पाहावी, कारण भरलेला तळ खाली फुगतो. बॅगेच्या तळाला आधार देणारी आडवी नळी असलेला स्टे घ्यावा आणि सायलेन्सरवर धातूची ढाल बसवावी. त्यानंतर वीस मिनिटे गाडी चालवून तळाला हात लावावा. हात ठेवता येत नसेल तर बॅग आणखी वर घ्यावी. त्याच वेळी मागे उभे राहून ब्रेक दिवा, इंडिकेटर आणि नंबर प्लेट पूर्ण दिसतात का तेही पाहावे, आणि रात्री भिंतीसमोर हेडलाइट लावावा. मागे वजन आल्यामुळे झोत वर गेला असेल तर तो खाली करावा लागेल.