आवडलं, पण कुठल्या पानावर?

चि.स अनेक आशीर्वाद.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वरचं तुझं टिपण पोचलं. सहाशेतले साडेचारशे शब्द हकिगत सांगण्यातच गेलेत, आणि उरलेल्यांत 'अप्रतिम' चारदा आलंय. टिपणातलं पुस्तकाचं नाव आणि हकिगत झाकून बघ. राहिलेला मजकूर कुठल्याही पुस्तकाला चिकटत असेल, तर तो पुन्हा लिहायला हवा.

वाचताना पेन्सिल जवळ असू दे, पण रेघा मारत सुटू नकोस. अर्धं पुस्तक रंगतं आणि आठवड्याने रेघ कशासाठी मारली तेच कळत नाही. त्यापेक्षा एका चिठ्ठीवर पान क्रमांक आणि पुढे दोन-चार शब्द: 'हसू आलं', 'इथे काहीतरी गाळलंय', 'पटलं नाही'. तीनशे पानांना दहा-बारा नोंदी पुष्कळ झाल्या. पुस्तक संपलं की दोन दिवसांत लिहायला बस. उशीर झाला तर घटना आठवतात, पण वाचताना काय वाटलं होतं ते विरून जातं, आणि मलपृष्ठावरचा मजकूरच आपलं मत म्हणून कागदावर उतरतो. प्रस्तावना शेवटी वाचायची ती याच भीतीने.

मग नोंदींतल्या तीनच ठेव.

आठवणींच्या पुस्तकात माणसांचा उल्लेख कसा येतो, तिकडे आधी लक्ष दे. रमाबाई रानड्यांच्या १९१० सालच्या आठवणींत नवरा 'स्वतः' म्हणून येतो. लक्ष्मीबाई आपल्या नवऱ्याला, कवी ना. वा. टिळकांना, सरळ 'टिळक' लिहितात. आदर, धाक, थट्टा, बरोबरी, सगळं त्या एकेका शब्दात मुरलेलं आहे. तू चार जागी 'विनोदी शैली' म्हटलंस, पण हा शब्द तुझ्या नजरेतून सुटला.

दुसरं म्हणजे सालं. टिळकांचं ख्रिस्ती धर्मांतर १८९५चं, लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा, टिळक गेले १९१९ साली, आणि पुस्तकाचे भाग येऊ लागले १९३४पासून. म्हणजे धर्मांतराच्या वेळचं दुःख आपण चाळीसेक वर्षांनंतर ऐकतो. त्यातलं तेव्हाचं किती आणि मागाहून सावरलेलं किती? उत्तर सापडेलच असं नाही, पण प्रश्न तरी टिपणात येऊ दे.

'बलुतं' हे दलित आत्मकथन हाती घेशील तेव्हा कोण कोणाला सांगतंय ते आधी बघ. १९७८च्या या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, आणि हे दोघे एकच. अशा आत्मकथनांवर लिहिताना 'अस्वस्थ व्हायला झालं' हे वाक्य आपसूक येतं. ते खोटं नसतं, पण फार लवकर सुटका करून देतं. दारिद्र्याने अस्वस्थ झालास, की शिकलेल्या माणसाला आपलाच दगडू समोर बसवावा लागतो म्हणून? ज्या पानावर वाटलं, ते पान सांग.

हकिगत पाच-सहा वाक्यांत आटप. उतारा दोन-तीन ओळींचाच, मूळ शब्द न सुधारता. खाली आवृत्ती लिही, कारण आवृत्ती बदलली की पानं सरकतात.

पुढच्या टिपणासोबत ती चिठ्ठीही पाठव, खाडाखोडीसकट.